पुठ्ठ्याची घार

"लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

हे वाक्य आमच्या कॉलेजात सुर्वे मॅडमांच्या मालकीचं होतं. उशिरा येणाऱ्या पोरांना ते ऐकावं लागे, गेटसमोर एसटी आडवी घालणाऱ्या ड्रायव्हरला ऐकावं लागे, शिळ्या पापलेटाला ताजं म्हणणाऱ्या कोळणीला ऐकावं लागे. भर स्टाफ मीटिंगमध्ये एकदा ते प्राचार्यांनीही ऐकलं होतं. चष्म्यावरून बघत, छत्रीचं टोक जमिनीवर आपटून त्या ते म्हणायच्या. छत्री बारा महिने हातात असायची. पावसाळा नसला की ती फक्त आपटण्यासाठी असायची.

मी पदार्थविज्ञान शिकवायचो आणि त्या प्राणिशास्त्र. आमच्या दोन लॅबच्या मधलं दार एका पावसाळ्यात फुगलं ते पुन्हा कधी नीट लागलंच नाही. त्यामुळे त्यांच्या लॅबमधलं सगळं मला फुकटात ऐकू येई. माझ्या वर्गात लंबक हलत असायचा आणि पलीकडून आवाज यायचा, "अरे, माशाला डोकं असतं, तुझ्यासारखं नाही!" माझी पोरं लंबक सोडून तिकडेच कान लावून बसत.

मॅडम मूळच्या संगमेश्वरच्या. "आम्ही नदीकाठची माणसं. समुद्र आम्हाला जरा जास्तच बडबडा वाटतो," असं म्हणायच्या, पण समुद्रातलं काहीही ताटात आलं की ही तक्रार बंद होई. सकाळी बाजार करून त्या थेट कॉलेजात येत आणि मासळीची पिशवी लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवत. फ्रीजच्या वरच्या कप्प्यावर 'प्रयोग' अशी चिठ्ठी होती आणि खालच्यावर 'घर'. एकदा शिपायाने पिशवी चुकीच्या कप्प्यात ठेवली आणि मॅडम लेक्चरहून परत येईपर्यंत पोरांनी त्यांच्या बांगड्यांचे मेंदू काढून बशीत मांडून ठेवले होते. मला वाटलं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. पण मॅडमनी बशी बघितली, म्हणाल्या, "मेंदू चांगला काढलायत," आणि बांगडे घरी नेऊन तळले. दुसऱ्या दिवशी मला सांगत होत्या, "आमच्या मिस्टरांना काही कळलं नाही हो. चव आहे म्हणालेन! मेंदू गेला तरी बाहेरून सगळं तसंच दिसतं, बघा."

हेच त्यांच्या आयुष्याचं संशोधन होतं. पाण्यात धातू मिसळला की माशाच्या मेंदूचं काय होतं.

ते दाखवायची त्यांची एक रीत होती. काळ्या पुठ्ठ्याची पंख पसरलेली घार त्यांनी स्वतःच्या हाताने कापली होती. काचेच्या टाक्यांवर दोरी ताणून, माझ्या लॅबमधून नेलेल्या कप्पीवरून ती घार त्या सरकवत. टाक्यांत निवटे असत. निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात पाण्याबाहेर येऊन उड्या मारणारा, डोक्यावर डोळे असलेला बोटभर मासा. वरून सावली गेली की चांगला निवटा क्षणात चिखलाच्या बिळात गडप होतो. ज्या टाकीत मॅडमनी थोडं तांबं किंवा शिसं घातलेलं असे तिथले निवटे मात्र मान वर करून घारीकडे बघत बसत.

"आंधळा नाही हो तो," मॅडम पाहुण्यांना सांगत. "घार त्याला दिसतेय. घाबरायचं असतं, एवढंच तो विसरलाय. तांब्याने वास जातो, शिशाने नि पाऱ्याने डोकं जातं. मग वाट चुकतो, खायचं विसरतो, पळायचं विसरतो. मरून तरंगला की सगळे बोंबलतात. त्याच्या कितीतरी आधी तो वेडा झालेला असतो, आणि वेडा मासा कुणाला दिसत नाही."

हे सांगताना आवाज खाली यायचा. ते ऐकायला मी लंबक थांबवून त्या न लागणाऱ्या दारात उभा राहायचो.

निवटे यायचे खालच्या वाडीतून. आमचं कॉलेज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, आणि सडा उतरला की खाडीच्या काठाला ही वाडी. तिथल्या हलीमाबी ओहोटीला चिखलात उतरून हाताने निवटे धरत आणि मडक्यात घालून मॅडमना देत. त्यांचा खरा धंदा कालवांचा. खडकाला चिकटलेले हे शिंपले कोयत्याने फोडून, आतला गर काढून त्या रत्नागिरीच्या बाजारात विकायच्या. मॅडम निवटे न्यायला गेल्या की दोघींचं ठरलेलं भांडण होई. कालवांत कोकम घालावं की कैरी, यावर. भांडण संपलं की हलीमाबी कालवांचा एक डबा मॅडमच्या पिशवीत घालायच्या. "घ्या बाई, कोकम घालून वाटोळं करा," असं म्हणत. तो डबा घेतल्याशिवाय मॅडम वाडीतून निघाल्या, असं मी कधी पाहिलं नाही. मला हे ठाऊक, कारण त्यांना नेणारी स्कूटर माझी होती. "पाटणकर, गाडी काढा," एवढाच निरोप यायचा.

हलीमाबींचा मुलगा यासिन खाडीच्या काठी भट्टी चालवायचा. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं लोखंडी कढईत वितळवायचं आणि जाळ्याला लावायचे गोळे ओतायचे. त्या खाडीतल्या बहुतेक जाळ्यांना यासिनचेच गोळे होते. बॅटरीतलं पाणी तो तिथेच काठावर ओतून देई.

काही वर्षांपासून मॅडमच्या प्रयोगांत एक खोट येऊ लागली होती. ज्या टाकीत काहीच घातलेलं नाही, त्या टाकीतले निवटेसुद्धा घारीकडे बघत बसू लागले. आधी थोडे, मग बरेच. मॅडम पोरांवर ओरडल्या, टाक्या धुवून घेतल्या, माझी कप्पी अडकते म्हणून माझ्यावर ओरडल्या. मग एक दिवस वाडीत त्यांचं लक्ष भट्टीच्या धुराकडे गेलं, आणि त्यांना उत्तर सापडलं.

त्यांनी वाडीतल्या शाळेच्या पटांगणात सभा घेतली. टाक्या नेल्या, घार नेली. सगळी वाडी जमली होती, हलीमाबी पुढेच बसल्या होत्या. घार सरकली, निवटे बसून राहिले. मॅडमनी छत्री उचलली आणि मागे उभ्या असलेल्या यासिनकडे रोखली.

"हे निवटे तुझ्या आईने धरलेत. बघ काय करून ठेवलंयस ते. सगळ्या खाडीला वेडं केलंस. लाज कशी वाटत नाही तुला?"

कॉलेजात हे वाक्य ऐकून पोरं गालात हसायची. पटांगणात कुणी हसलं नाही. यासिन नुसता खाली बघत राहिला. त्याच आठवड्यात भट्टी बंद झाली आणि यासिन हातखंब्याला हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात कामाला लागला. मॅडम खुशीत होत्या. "दोन पावसाळे जाऊ द्यात, पाटणकर. आपले निवटे कसे टणाटण उड्या मारतात ते बघा."

दोन पावसाळे गेले. निवटे तसेच.

मॅडमनी नवी घार कापली, मोठी. निवटे तिच्याकडेही बघत बसले. मग त्या एकदा आरे-वारेकडच्या एका खाडीतून निवटे घेऊन आल्या आणि त्याच टाकीत सोडले. घार निम्मीही सरकली नव्हती, तोवर टाकी रिकामी! सगळे बिळात. मॅडम स्टुलावर बसल्या.

"म्हणजे आपलेच अजून बधीर आहेत," त्या म्हणाल्या. "भट्टी बंद झाली, तरी कुठूनतरी येतंय. पाटणकर, चला."

दिवाळीची सुट्टी होती. दाराच्या मागे टांगलेले मिस्टरांचे गमबूट त्यांनी पायांत चढवले आणि खाडीला मिळणाऱ्या पऱ्यातून, त्या लहानशा ओढ्यातून, आम्ही वर चालू लागलो. पाणी घोट्याएवढं होतं. बऱ्याच वर आल्यावर जांभ्याच्या दगडांवर हिरवट निळी पुटं दिसू लागली. मॅडमनी नखाने खरवडून बघितलं.

"मोरचूद. म्हणजे तांबंच," त्या म्हणाल्या. "वर कुणाची तरी बाग असणार. सुपारीला फवारतात नि उरलेलं देतात ओतून. थांबा, बघतेच त्याच्याकडे."

बागवाल्याला काय बोलायचं याची त्यांची तयारी वाटेतच सुरू झाली. मी मागून ऐकत होतो, आणि खरं सांगायचं तर मजाही घेत होतो. वळण संपलं तिथे बाग नव्हती. जांभ्याची एक उंच भिंत होती, भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता, आणि पाइपाखालचा दगड निळाशार झाला होता. मी वर बघितलं. भिंतीवर खिडकी होती. खिडकीत मॅडमच्या लॅबमधल्या बरण्या होत्या, आणि शिपायाचं फडकं वाळत होतं.

"केमिस्ट्रीचं असेल," मी घाईघाईने म्हणालो.

"वर जा," मॅडम म्हणाल्या. "माझ्या बेसिनमध्ये चिमूटभर परमँगनेट टाका आणि नळ सोडा."

मी गेलो, टाकलं, नळ सोडला. खिडकीतून डोकं काढून ओरडलो, "आलं का?" उत्तर आलं नाही. खाली उतरून गेलो तर मॅडम दगडावर बसल्या होत्या आणि त्यांच्या गमबुटांच्या मधून गुलाबी पाणी वाहत होतं.

"आलं," त्या म्हणाल्या.

नंतर कळलं ते असं. आमच्या सगळ्या लॅबचं पाणी शोषखड्ड्यात जाईल अशी मूळची सोय होती. मागे नवे संडास बांधले तेव्हा प्लंबरला तो खड्डा भरलेला दिसला. त्याने पाइप फोडून सरळ पऱ्यात सोडला. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. केमिस्ट्रीची शिशाची नि पाऱ्याची द्रावणं, मॅडमच्या टाक्यांतलं मोरचुदाचं पाणी, सगळं वर्षानुवर्षं त्या वाटेने खाली जात होतं. मॅडम खाडीतून निवटे आणायच्या, त्यांना विष घालायच्या, ते पाणी बेसिनमध्ये ओतायच्या, आणि पुढच्या वर्षी त्याच खाडीतून 'चांगले' निवटे आणायला पुन्हा जायच्या.

"पाण्यात टाकलेलं कुठेच जात नसतं, हे मी दरवर्षी पोरांना शिकवत होते," त्या दगडावर बसूनच म्हणाल्या. "आणि बेसिनच्या पुढे काय आहे, हे एकदाही वाकून बघितलं नाही."

प्राचार्यांच्या खोलीत मीटिंग झाली. प्राचार्य मवाळ माणूस. म्हणाले, "पाइप आजच बंद करू, नवा खड्डा मारू. पण हे वाडीत सांगायची गरज नाही. त्यांना त्यातलं काय कळणार? उगीच कॉलेजचं नाव."

आम्ही सगळे मॅडमकडे बघत होतो. ते वाक्य आता येणार, अशी आमची खात्री होती. एकदोघांनी तर माना खाली घालून तयारीही केली होती. पण मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. छत्री उचलली, आपटली नाही, आणि त्या खोलीतून निघून गेल्या. मला एकदम शरमल्यासारखं झालं, त्यांच्यासाठी आणि आम्हा सगळ्यांसाठीही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. "पाटणकर, गाडी काढा."

वाडीत जाताना त्या नेहमी काही ना काही नेत, आंबे, पोहे, संगमेश्वरचा गूळ. त्या दिवशी हात मोकळे होते. मी म्हटलं, काही घ्यायचं का? "नको," म्हणाल्या. "हातात काही असलं की बोलणं सोपं होतं."

हलीमाबी पडवीत कालवं फोडत होत्या. मॅडम समोर जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. पाइप, बेसिन, गुलाबी पाणी. हलीमाबींचा कोयता सुरुवातीला चालू होता, मग थांबला.

"म्हंजे वरनं तुमचंच येत होतं?"

"हो."

"आणि माझा यासिन?"

"त्याचंही होतं. भट्टी वाईटच होती. पण किती त्याचं नि किती आमचं, हे आता मला सांगता येणार नाही."

हलीमाबींनी कोयता बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "ह्ये त्याला जाऊन सांगा, बाई. मी नाय सांगणार."

त्यांनी चहा केला. आम्ही प्यालो. कोकम-कैरीचं भांडण झालं नाही. निघताना मॅडम पिशवी सावरत उंबऱ्याशी जरा रेंगाळल्या. हलीमाबी उठल्या नाहीत.

घाट चढताना मागून आवाज आला, "डबा दिला नाहीन."

मी गिअर बदलला.

"बरं केलंन," मॅडम म्हणाल्या.

हातखंब्याला यासिन एका ट्रकचं चाक बसवत होता. त्याने मॅडमना बघितलं, मान हलवली आणि हातातलं काम चालूच ठेवलं. मॅडम हायवेच्या धुळीत उभ्या राहिल्या. मी बाकडं दाखवलं, बसल्या नाहीत. चाक बसल्यावर तो हात पुसत आला. मॅडमनी तेच सगळं पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुला मी बोलले, तेव्हा वर माझ्याच बेसिनमधून तेच जात होतं. माझं चुकलं, यासिन."

यासिनने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

"मॅडम, भट्टी मी तशी पण बंद करणार होतो. अम्मीच्या छातीत धूर जायचा. भट्टीचा राग नाय मला. पण तुम्ही अख्ख्या वाडीपुढं बोललात. अम्मी पुढंच बसली होती. आणि माफी इथं मागताय, हायवेवर, गाड्यांच्या आवाजात. इथं कोण ऐकतंय?"

मॅडमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तीस-पस्तीस वर्षं लोकांना लाज आठवून देणारी ती बाई एखाद्या वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखी दिसत होती.

"खरं आहे तुझं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी शाळेच्या पटांगणात ये."

प्राचार्यांनी परवानगी दिली नाही. मॅडमनी ती मागितलीही नव्हती, प्राचार्यांनी ती आपणहून नाकारली. शुक्रवारी टाक्या स्कूटरवरून नेता येईनात म्हणून मी रिक्षा केली. एका टाकीत वाडीचे निवटे होते, दुसरीत आरे-वारेचे. घार सरकली. आरे-वारेचे पळाले, वाडीचे बसून राहिले. मग मॅडम बोलल्या. शब्द फार नव्हते. आपल्या हाताने काय ओतलं ते सांगितलं, पाइप कुठून कुठे येतो ते सांगितलं. आणि म्हणाल्या, "इथे मी यासिनला विचारलं होतं, लाज कशी वाटत नाही. ते मी स्वतःला विचारायचं होतं. मला फार लाज वाटते आहे."

कुणीतरी मागून विचारलं, "मग आता कालवं खायची का नाय?"

"तपासून येईपर्यंत नको," मॅडम म्हणाल्या, आणि हे म्हणताना पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. कारण पुढे हलीमाबी बसल्या होत्या, आणि त्या एका वाक्याने त्यांचा हंगाम बसणार, हे तिथे सगळ्यांना कळत होतं.

यासिन मागे उभा होता, हातात हेल्मेट घेऊन. सभा संपल्यावर तो जवळ आला, म्हणाला, "ऐकलं, मॅडम." एवढंच. चहाला थांबला नाही. वाडीत परत राहायलाही आला नाही. तो हातखंब्यालाच आहे.

त्यानंतर मॅडमच्या लॅबमध्ये बेसिनला लाकडी फळी ठोकलेली होती. प्रत्येक थेंब पिंपात जायचा आणि पिंपं गाडीत बसवून बाहेर पाठवेपर्यंत मॅडम त्यांच्याशेजारी उभ्या राहायच्या. पोरांना गंमत वाटे. ते वाक्य मात्र पुन्हा ऐकू आलं नाही. उशिरा येणारी पोरं आरामात उशिरा येऊ लागली. मधलं दार उघडंच होतं, पण मला पलीकडून नुसता पाण्याचा आवाज यायचा.

मग त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात सगळ्यांनी त्यांच्या परखडपणाबद्दल भाषणं केली. त्या खाली बघत बसल्या होत्या.

परवाच्या हिवाळ्यात मी वाडीच्या बाजूने घरी येत होतो. ओहोटी होती. खाडीच्या चिखलात, काठापासून बरंच आत, एक बाई गमबूट घालून उभी होती. छत्रीवरून ओळखलं. मी स्कूटर थांबवली. हाक मारणार होतो, पण राहिलो.

त्यांच्याजवळ पुठ्ठ्याची घार नव्हती. वर खरीच होती, एकटीच, खाली खाली येत गोल फिरत होती. तिची सावली चिखलावरून सरकत गेली. आजूबाजूचे काही निवटे टुणकन उडून बिळात गेले. मॅडमच्या पायाशी एक होता, तो मान वर करून बसला होता. घार पुन्हा फिरून आली, आणखी खाली. मॅडम वाकल्या आणि छत्रीच्या टोकाने त्याच्या शेपटीजवळ चिखलावर हळूच टोचू लागल्या. वारा माझ्याकडे होता, म्हणून ऐकू आलं.

"पळ रे बाबा," त्या म्हणत होत्या. "पळ. घार आली. अरे, पळ ना."

निवटा त्यांच्याकडे बघत बसला होता.